बाबांनी विचारलं होतं, बँका बंद म्हणजे नेमकं काय बंद?

पिरेयस, ग्रीस
२७ डिसेंबर २०१५

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

फोनवर दर वेळी तुमचं एकच, "पैसे आहेत ना? तिकडचं काही खरं नाही, परत ये." आणि माझंही ठरलेलं, "आहेत हो, सगळं ठीक आहे." त्यामुळे खरं बोलणं राहूनच गेलं. आता नाताळची सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. आई, बँकेचं कंटाळवाणं वाटलं तर तेवढं बाबांवर सोड आणि पुढे वाच.

जानेवारीत निवडणूक झाली. सिरिझा हा डाव्यांचा पक्ष ३०० पैकी १४९ जागा घेऊन आला आणि चाळिशीतला त्सिप्रास पंतप्रधान झाला. युरोपकडून घेतलेल्या कर्जाच्या अटींपायी पाच वर्षं पगार आणि पेन्शनींना कात्री लागत होती, ती आता थांबेल अशी लोकांची आशा होती. पुढचे पाच महिने युरोपशी नुसत्या वाटाघाटी. ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल.

खरं नाट्य जूनच्या शेवटी सुरू झालं. २६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर त्सिप्रासनं टीव्हीवर सांगितलं की कर्ज देणाऱ्यांच्या अटी मान्य करायच्या की नाही, हे ५ जुलैला जनताच ठरवेल. शनिवारी सकाळी मी दूध आणायला खाली उतरले, तर कोपऱ्यावरच्या एटीएमसमोर रांग पार फार्मसीच्या पुढे गेलेली. रविवारी सरकारनं बँका बंद केल्या.

बाबा, तुम्ही जन्मभर कॅश सांभाळलीत, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर नीट देते. लोक आधीपासूनच पैसे काढत होते. २०१४च्या शेवटाकडे १६० अब्ज युरोंच्या वर असलेल्या ठेवी जूनअखेर सव्वाशे अब्जांच्या खाली आल्या होत्या. बँका तगून होत्या त्या युरोपच्या मध्यवर्ती बँकेच्या आपत्कालीन कर्जावर. सार्वमत जाहीर झाल्यावर त्या बँकेनं कर्जाची मर्यादा वाढवायला नकार दिला. मग शटर ओढण्यावाचून इलाज नव्हता. एका कार्डावर दिवसाला ६० युरो, बस्स. तेही कागदावर, कारण विसाच्या नोटा संपल्या आणि मशीन पन्नासचीच नोट देऊ लागलं. देशातल्या देशात कार्डानं खरेदी चालू होती, पण परवानगीशिवाय परदेशी पैसे पाठवता येत नव्हते. ३० जूनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा दीड अब्ज युरोंहून मोठा हप्ता चुकला. विकसित म्हणवणाऱ्या देशानं तो चुकवण्याची ही पहिलीच वेळ. आमच्या कंपनीचा पैसा बाहेरच्या बँकांत असतो, म्हणून जहाजं चालत राहिली आणि माझा पगारही झाला.

एक गंमत सांगते, आतापर्यंत मुद्दामच सांगितली नव्हती. ६० युरोंची मर्यादा फक्त इथल्या बँकांच्या कार्डांना होती. पर्यटकांचे हाल नकोत म्हणून परदेशी कार्डं त्यातून वगळली होती. आणि माझ्या पर्समध्ये आपल्या सांगलीच्या शाखेचं डेबिट कार्ड होतं, जे ठेवायचा तुम्ही हट्ट धरला होता! त्या कार्डावर मी तीनशे युरो काढले. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसानं नोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काही बोलला नाही. मला मात्र चोरी केल्यासारखं वाटलं.

त्यातले शंभर खालच्या मजल्यावरच्या आजींना दिले. त्या ८१ वर्षांच्या, कार्ड कधी घेतलंच नाही, सगळा व्यवहार पासबुकावर. अशा पेन्शनरांसाठी १ जुलैपासून तीन दिवस काही शाखा उघडल्या, आडनावाच्या अद्याक्षराप्रमाणे, माणशी १२० युरो. त्यांच्याबरोबर मी गेले होते. दार उघडायच्या आधी दोन तास उन्हात म्हातारी माणसं उभी, कुणी घरून घडीची खुर्ची आणलेली. मॅनेजर बाहेर येऊन अक्षरं ओरडून सांगत होता आणि त्याचाच आवाज कापत होता. आजींचं अक्षर दुसऱ्या दिवसाचं निघालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आणि बाबा, आजींनी माझे शंभर युरो बँका उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात इस्त्री केल्यासारख्या नोटांत परत केले. नको म्हटलं तर रागावल्या.

तुम्हाला टीव्हीवर रांगाच दिसल्या. रांगा होत्याच. पण दुकानं लुटली गेली नाहीत, आमचा भाजीवाला वहीत नावं लिहून उधारीवर माल देत होता, अथेन्समधल्या बस-मेट्रो त्या दिवसांत फुकट होत्या. लोक हॉटेलात बसून कॉफीच्या एका कपावर तीन-तीन तास भांडत होते. ते मात्र ते एरवीही करतात.

५ जुलैला ६१ टक्क्यांहून अधिक लोकांनी 'ओही', म्हणजे 'नाही' असा कौल दिला. रात्री अथेन्सच्या सिंटाग्मा चौकात जल्लोष झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्री वारुफाकिसनं राजीनामा दिला आणि आठवड्याभरात त्याच त्सिप्रासनं ब्रसेल्सला रात्रभर बसून आधीपेक्षा कडक अटींवर सही केली. ८६ अब्ज युरोंपर्यंतचं तिसरं कर्ज. २० जुलैला बँका उघडल्या, त्याच दिवशी हॉटेलातल्या खाण्यावरचा कर १३ वरून २३ टक्के झाला. मला अजून याचा राग येतो. लोकांना विचारायचंच कशाला मग? ऑफिसमधली माझी मैत्रीण म्हणते, दुसरा मार्गच नव्हता, युरो जाऊन जुनं चलन ड्राख्मा परत आलं असतं तर औषधंही मिळाली नसती. तिचा नवरा अडीच वर्षं बेकार आहे, तरी ती असं म्हणते. यावर आमचं जमत नाही.

सप्टेंबरात, आपल्याकडे गणपती बसले त्याच आठवड्यात, पुन्हा निवडणूक. वर्षातलं तिसरं मतदान! जेमतेम ५६ टक्के लोक गेले. जिंकला पुन्हा त्सिप्रासच.

तोवर लोकांचं लक्ष बंदराकडे गेलं होतं. तुर्कस्तानातून रबरी होड्यांनी बेटांवर आलेली माणसं फेरीनं इथे पिरेयसला उतरतात, सीरियातली, अफगाणिस्तानातली, इराकमधली. या वर्षात समुद्रमार्गे आठ लाखांहून जास्त आली. एकट्या लेसवोस बेटावर पाच लाखांच्या आसपास, आणि त्या बेटाची स्वतःची वस्ती लाखभरही नाही. माझं ऑफिस धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर. सकाळी बोट लागली की गेटपाशी गर्दी, आणि पहिली धडपड पाण्याची नाही, फोन चार्ज करण्याची. एका चहावाल्यानं एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर काढून ठेवला होता, त्यावर वीसेक फोन, निम्मे अजून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. मग बस धरून उत्तरेला, मॅसिडोनियाला लागून असलेल्या इदोमेनीच्या सीमेकडे. नोव्हेंबरपासून तिथे फक्त सीरिया, इराक, अफगाणिस्तानवाल्यांना सोडतात, बाकीचे अडकलेत.

आजींची आई १९२२ मध्ये तुर्कस्तानातलं स्मिर्ना शहर जळाल्यावर अशीच बोटीनं पिरेयसला आली होती. आमची निकाया वस्ती तशाच निर्वासितांनी वसवलेली. आजींनी नवऱ्याचे दोन कोट बंदरावर पाठवले. अलीकडे मात्र कुरकुरतात, "आमच्याच पोरांना काम नाही, यांना कुठून देणार?" दोन्ही त्यांच्या मनापासूनचं आहे.

तर परत येण्याबद्दल. नोकरी टिकून आहे, कराराचं नूतनीकरण झालंय, आणि सध्या मला इथून निघायचं नाही. हे फोनवर बोलायचं धाडस होत नव्हतं. बाबा, रागवा, पण आधी येऊन बघा. इथला ईस्टर पुढच्या वर्षी १ मेला आहे, एप्रिलच्या शेवटी या आणि तीन आठवडे राहा. बेटांवर थंडी नसते, उन्हाळ्याइतकी गर्दीही नसते.

व्हिसासाठी मुंबईला जावं लागेल. पेन्शन खात्याचं स्टेटमेंट आणि घराच्या कागदांच्या प्रती काढून ठेवा. निमंत्रणपत्र आणि विम्याचं मी बघते. थेट विमान नाही, दोह्याला बदलावं लागेल. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवणार आहे, तेव्हा नको म्हणू नकोस. गोडा मसाला अर्धा किलो पुरे, लोणचं मात्र तेल गळणाऱ्या बरणीत देऊ नकोस. दादाला माझ्या जुन्या पासपोर्टची प्रत स्कॅन करून पाठवायला सांगा, १० जानेवारीच्या आत हवी आहे.

तुमची,
ताई