घरट्यापासून जरा लांबच थांबा

मा. संपादक,

सुट्टी मिळाली की मी कॅमेरा घेऊन बाहेर पडतो, कधी पक्षी, कधी गाड्या, कधी नुसते डोंगर नि ढग. उडत्या पक्ष्याच्या फोटोला शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घेणारा पडदा, फक्त १/२००० सेकंद उघडं ठेवावं लागतं, पण धावत्या गाडीला तेच लावलं तर फोटोत चाकं थिजतात नि गाडी उभीच वाटते, तिथे १/६० वर येऊन गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, बरेच फोटो वाया जातात पण एखादा असा जमतो की दिवसभर तोच बघत बसतो.

पण लिहायचं कारण वेगळंच. घरट्याच्या फोटोसाठी लोक आडव्या येणाऱ्या फांद्या तोडतात, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावतात. अहो, त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरलाय, मग पिल्लांना भरवायचं सोडून तो त्यालाच शोधत फिरतो, आणि फांद्या गेल्या की घरटं उन्हात नि शिकारी पक्ष्यांच्या नजरेत येतं. फार वाईट वाटतं बघून. लेन्समधून पक्षी लहान दिसत असेल तर फोटो नंतर क्रॉप करा ना, म्हणजे कडा कापून टाका, पुढे कशाला सरकायचं? आणि घरट्याचं लोकेशन कुठेही टाकू नका, फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेलं जीपीएसचं ठिकाणसुद्धा आधी काढा.

आपला,
एक हौशी फोटोग्राफर