सूचना : रविवारच्या कार्यशाळेसाठी खेळण्यांची पूर्वतयारी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी स्वस्त खेळण्यांपासून विज्ञानकथेतील युद्धखेळाची (टेबलावर सैनिकांच्या छोट्या प्रतिकृतींनी खेळावयाच्या खेळाची) वाहने करावयाची असल्याने प्रत्येकाने नाशिकच्या मेन रोडवरून किंवा गोदाघाटावरील बुधवारच्या बाजारातून प्लास्टिकची एक गाडी आणावी. मात्र आपले खेळातील सैनिक २८ मिलिमीटर उंचीचे, म्हणजे साधारण १:५६ प्रमाणाचे (खऱ्या माणसाच्या छप्पन्नाव्या भागाएवढे) असल्याने गाडीचे दार त्यांच्या उंचीशी ताडून पाहावे. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिल्यास रंगाचे पापुद्रे निघतात, म्हणून खेळणे साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून, पूर्ण वाळवून आणावे. मऊ, वाकणाऱ्या प्लास्टिकवर स्प्रेचा रंग कित्येकदा वाळतच नाही, चिकट राहतो. तेथे ब्रशने अ‍ॅक्रिलिक प्रायमर (रंगाआधीचा अस्तर-थर) लावणेच आम्हांस योग्य वाटते. काढलेली चाके कृपया टाकू नयेत, आडवी बसवली की त्यांची फार देखणी इंजिने होतात.