पुण्याला हिवाळी टायर नकोत, एक-दोन इंच कमी रिम हवी

संपादक महोदय,

स.न. गेल्या रविवारच्या पुरवणीत स्पोर्टी लक्झरी सेडानला हिवाळी टायर आणि त्यासाठी वेगळी मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकं, कशी निवडायची यावर लेख आला होता. लेख माहितीचा होता त्यात वाद नाही, पण तो वाचून आमच्या सोसायटीतल्या दोघा-तिघांनी डिसेंबरच्या आत आपणही विंटर टायर टाकून घ्यावेत का असं खरोखर विचारायला सुरुवात केली म्हणून हे पत्र लिहितोय. अहो, बाणेर-पाषाणची थंडी म्हणजे कपाटातून स्वेटर काढायची थंडी, टायर बदलायची नव्हे.

साध्या म्हणजे समर टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि रस्ता नीट धरत नाही, विंटर टायरचं रबर त्याच थंडीत मऊ राहावं असंच बनवलेलं असतं, शिवाय त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात त्या बर्फाला धरतात. आता पुण्यात आजवरची नीचांकी नोंद १.७ अंशांची, तीही जानेवारी १९३५ मधली. हल्ली जानेवारीत पहाटे पारा ७-८ वर आला तरी पेपरात पहिल्या पानावर बातमी येते आणि त्याच दिवशी दुपारी आपण २८-३० अंशांत घाम पुसत असतो. अशा गरम डांबरावर विंटर टायर नुसता झिजतो असं नाही, ब्रेक मारल्यावर गाडी थांबायलाही जास्त अंतर घेते, म्हणजे पैसे देऊन धोका विकत घ्यायचा. एप्रिल-मे चा तर विषयच नको.

जर्मनीत हे सगळं कायद्यात बसवलंय. २०१० पासून तिथे रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा निसरडं असेल तर विंटर टायर सक्तीचे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर तीन शिखरं आणि आत हिमकण असं चिन्ह असेल तरच तो टायर विंटरचा धरतात, नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं आता चालत नाही. कॅनडात क्युबेकमध्ये तर बर्फ पडो न पडो, १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर पाहिजेतच. त्यांच्या जागी ते बरोबर आहे. पण त्या लेखातली आपल्या कामाची जी गोष्ट होती ती एका ओळीत उरकली होती, ती टायरची नाहीच, चाकाची आहे.

माझा भाचा म्युनिककडे असतो. त्याच्या सेडानला उन्हाळ्यात १९ इंची रुंद चाकं आणि ऑक्टोबर आला की १८ इंची, मागेपुढे सारख्या रुंदीची. मी विचारलं तर म्हणाला मामा इथे बरेच जण असंच करतात, अरुंद टायर चिखलबर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतो, रबराची उंची वाढली की बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचते, टायर स्वस्त पडतात आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चांगली अलॉय खराब होत नाहीत. मीठ सोडलं तर यातलं काय पुण्याला लागू नाही सांगा? त्यांचा बर्फ तीन-चार महिने खड्डे झाकतो, आपल्याकडे जूनपासून गणपतीपर्यंत तेच काम गढूळ पाणी करतं.

टायरवर २२५/४० आर १९ लिहिलेलं असतं त्यातला २२५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, १९ म्हणजे रिमचे इंच आणि ४० म्हणजे रुंदीच्या ४० टक्के उंची, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ९० मिलिमीटर रबर. तीच गाडी २२५/४५ आर १८ वर घेतली की १०१ मिलिमीटर होतं आणि २२५/५० आर १७ वर ११२. तिन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, ६५७ ते ६६३ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही आणि गाडीची उंचीही तीच राहते. फरक फक्त एवढाच की खड्ड्यात आपटल्यावर मार खायला १९ पेक्षा १७ ला २२ मिलिमीटर जास्त रबर मिळतं, आणि ते थोडंथोडकं नाही.

रस्त्याचं नवं डांबर टाकून झाल्यावर जे चेंबर चार बोटं खाली राहतं, त्यात लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या रबराचा, टायर कसा जातो ते एकदा फूटपाथवर उभं राहून बघा. टायरचा पुढचा भाग खाली जातो, मग चेंबरची कड रबराला रिमच्या ओठावर दाबते आणि आतले दोरे तुटतात. त्या वेळी काही कळत नाही, गाडी मजेत पुढे जाते. आठवड्याने गाडी धुताना साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लिंबाएवढा फुगा दिसतो आणि तो टायर तिथेच संपला, त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही. कधी फुगा येत नाही तर रिमच बेंड होते. बॅलन्सिंगच्या मशीनवर ती फिरवली की कड लाटेसारखी वर-खाली होताना नुसत्या डोळ्यांनी दिसते, कारागीर खडूने खूण करतो आणि म्हणतो साहेब बेंड काढून देतो पण आतून बारीक क्रॅक आहे, त्याची गॅरंटी नाही. रनफ्लॅट टायर असतील तर जास्तच वाईट, त्यांची साइडवॉल मुद्दाम कडक केलेली असते म्हणजे हवा गेली तरी ताशी ८० च्या वेगाने ८० एक किलोमीटर जाता यावं, पण तोच कडकपणा खड्ड्याचा सगळा दणका रिमला पोचवतो. आणि त्या गाड्यांत बहुतेकदा स्टेपनी नसते.

असं असताना आपल्याकडे उलटंच चालतं. गाडी १७ वर मिळाली तर लोक दुकानात जाऊन १९ बसवून येतात, कारण चाकाच्या कमानीत काळं रबर कमी आणि चकचकीत धातू जास्त दिसला पाहिजे. महागातलं स्पोर्ट व्हेरियंट घ्यायचं तर कंपनीच १९ देते, पर्याय विचारला तर सेल्सवाला असं बघतो की जणू आपण पुरणपोळी साखरेशिवाय मागितली. मला स्वतःला १९ इंची दिसायला आवडतात हो, त्यात खोटं कशाला बोलू, पण कात्रज-कोंढवा रस्त्याने रोज ये-जा असेल तर आवड बाजूला ठेवावी लागते.

रिम कमी करायची तर मनाने मात्र करू नका. दाराच्या खांबावरचा स्टिकर आणि गाडीचं मॅन्युअल यात कंपनीने मंजूर केलेल्या साइज असतात, त्यातलीच घ्या, उद्या इन्शुरन्सवाल्याने विचारलं तर उत्तर तयार असतं. जोरदार इंजिनच्या व्हेरियंटला ब्रेक मोठे असतात, त्यांच्या कॅलिपरवर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) १७ ची रिम बसतच नाही, तिथे १८ वर थांबायचं. बोल्टची भोकं जुळली म्हणजे रिम जुळली असं नाही, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि मधलं भोकही जुळलं पाहिजे, नाहीतर टायर फेंडरला घासतो किंवा ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि मग आपण उगाच अलाइनमेंट करत फिरतो. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, स्टिकरवरच्यापेक्षा कमी चालणार नाही. प्रत्येक चाकात टायरच्या हवेचा सेन्सर असेल तर तोही नव्या रिममध्ये हलवून घ्या.

अजून एक, या गाड्यांना पुष्कळदा पुढे २२५ आणि मागे २५५ अशी वेगळी रुंदी असते. दिसायला भारी, पण पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करता येत नाहीत, त्यामुळे मागची जोडी आधी गुळगुळीत होते आणि रुंद टायर घासला की पाण्यावर लवकर तरंगतो. एक्सप्रेसवेवर जुलैच्या पावसात १०० ला हे होतं तेव्हा हातात काही राहत नाही. मंजूर यादीत चारही चाकं सारखी असा पर्याय असेल तर माझं मत तिकडेच. कायदा १.६ मिलिमीटर नक्षी उरेपर्यंत चालवा म्हणतो, मी म्हणतो ३ ला आला की पावसाळ्याआधी बदला, आणि टायर निवडताना दुकानदाराला मायलेजच्या आधी ओल्या रस्त्यावरची पकड विचारा.

शेवटचं, टायरची तारीख. जून २०२० पासून केंद्र सरकारने नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून १९ इंची रनफ्लॅटसारख्या वेगळ्या साइज मिळायला त्रास आहे आणि कोणाच्या गोडाऊनमध्ये जुना माल पडलेला असू शकतो. साइडवॉलवर डीओटी अशा अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. कधीकधी ते आतल्या बाजूला असतात, तेव्हा टायर चढवायच्या आधीच उलटून बघायचे. १७-१८ च्या साइज जास्त गाड्यांना लागतात, म्हणून ताजा माल मिळायची शक्यताही तिथे जास्त.

नवी गाडी घेणाऱ्यांनी हे सगळं बुकिंगच्या वेळीच बोलावं, गाडी हातात आल्यावर शोरूममध्ये आपलं कोणी ऐकत नाही. आणि कंपनीची १९ ची चाकं विकून टाकू नका, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा, गाडी विकायच्या वेळी गिऱ्हाईक तीच मागतं.

आपला,
एक वाचक, बाणेर, पुणे