इंपोर्टेड गाडीचा चासी नंबर इसार देण्याआधी वाचावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव-भुसावळच्या रस्त्यावर अलीकडे परदेशी बनावटीच्या जुन्या स्पोर्ट्स कारही अधूनमधून दिसतात. अशी गाडी घेणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, रंग न्याहाळतो, आरसी बुकावरचे नाव पाहतो आणि इसार देऊन मोकळा होतो. माझ्या धाकट्या भावाने नेमके हेच केले. इतर कुटुंबांवर ती वेळ येऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुंबईच्या एका दलालाकडून त्याने पोर्शे बॉक्स्टर ठरवली आणि दोन लाख रुपये इसार दिला. कागदांनुसार गाडी २००४ च्या मॉडेलची होती आणि २००५ साली वापरलेली म्हणून आयात झाली होती. ती जळगावला आली, तेव्हा एमआयडीसीतील ओळखीच्या गॅरेजमध्ये आम्ही तिचा सतरा अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजेच चासी नंबर, वाचायला बसलो. या क्रमांकात एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच वापरत नाहीत. पहिली तीन चिन्हे, म्हणजे डब्ल्यू, पी आणि शून्य, पोर्शेची असतात, दहावे चिन्ह मॉडेलचे वर्ष सांगते आणि अकरावे कारखाना. आमच्या गाडीवर अकराव्या जागी यू होता, म्हणजे ती जर्मनीत नव्हे, तर फिनलंडमधील उसीकाउपुंकीच्या कारखान्यात जोडलेली होती. यात वावगे काही नाही, बॉक्स्टर तिथेही तयार होत असे.

समोरच्या काचेखालच्या पट्टीवरचा क्रमांक आरसी बुकाशी तंतोतंत जुळला आणि भावाचा चेहरा खुलला. मात्र पुढच्या डिकीतील प्लॅस्टिकचे आवरण काढून, खाली पत्र्यावर ठोकलेल्या क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, तेव्हा सोळा चिन्हे एकसारख्या बारीक रेषांत उमटली आणि दहाव्या जागचा चार तेवढा जाड, किंचित तिरका आला. बोटाने चाचपले तर तेवढ्याच जागी रंगाचा थर खरखरीत लागत होता. मग सीटबेल्टच्या बुडाशी शिवलेले लेबल पाहिले, त्यावर वर्ष २००० होते. २००० च्या उत्तरार्धात बनलेली गाडी २००१ चे मॉडेल धरली जाते आणि दहाव्या जागी २००१ साठी एक, तर २००४ साठी चार असतो. तेव्हा मूळच्या एकाचा चार करण्यात आला होता, याबद्दल आम्हाला शंका उरली नाही.

हा उद्योग कशासाठी केला असावा, हे आयातीच्या नियमावरून कळते. वापरलेली मोटार आपल्या देशात आणायची, तर ती उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही. २००१ च्या मॉडेलची गाडी २००५ साली त्या अटीत बसलीच नसती. असा गैरप्रकार उघड झाला, तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली गाडी जप्त होऊ शकते, आणि शेवटच्या घेणाऱ्याने पैसे प्रामाणिकपणे मोजले असले तरी तेवढ्याने ती सुटत नाही. म्हणून आरसी बुकाइतकेच महत्त्व बिल ऑफ एंट्रीला, म्हणजे आयातीच्या वेळी सीमाशुल्क विभागाकडे दाखल केलेल्या कागदाला, आहे. शुल्क भरल्याची पावती आणि हा कागद विकणाऱ्याकडे नसेल, तर सौदा तिथेच थांबवावा.

अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत नववा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे एखादे चिन्ह बदलले तर गणितात सहसा पकडले जाते. युरोपातून आलेल्या पोर्शेत त्या जागी नुसता झेड असतो, तेव्हा मोबाईलवर क्रमांक टाकून समाधान मानणे धोक्याचे आहे. इंजिन नंबरही स्वतः पाहावा. बॉक्स्टरचे इंजिन सीटच्या मागे असून त्याचा क्रमांक बुडाच्या बाजूला असतो, त्यामुळे गाडी लिफ्टवर चढवल्याखेरीज तो दिसत नाही. चोरीची गाडी नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय सुविधेवर तपासता येते.

आम्ही गाडी परत पाठवली. इसाराचे दोन लाख मात्र अजून मिळालेले नाहीत, कारण इसारपावतीवर क्रमांकाच्या पडताळणीची अट आम्ही घातली नव्हती. ती एक ओळ भावाने लिहून घ्यायला हवी होती, आणि मोठा या नात्याने मीही त्याला आधी सांगायला हवे होते.

गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० भरले जातात. पण तोवर ग्राहकाचे पैसे हातातून गेलेले असतात, त्यामुळे त्यानंतरच्या कोणत्याही तपासणीचा त्याला उपयोग नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या परिवहन कार्यालयांत आठवड्यातून एक दिवस ठरवून, योग्य शुल्क आकारून, सौद्याआधी मोटार वाहन निरीक्षकाकडून चासी आणि इंजिन नंबरची लेखी पडताळणी करून मिळावी, अशी परिवहन विभागाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव