बारा तास तीच माफी

नोव्हाय, मिशिगन
एप्रिल २०२२

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

मी डेट्रॉइटला पाहिलेल्या उलट्या क्रमाच्या 'ला बोहेम' या ऑपेराबद्दल रविवारी फोनवर तू विचारलंस, "अरे, शेवट आधी आणि सुरुवात शेवटी, हे कशासाठी? ज्याने लिहिलं त्याला काही कळत नव्हतं का?" प्रश्न रास्त आहे. बंदिश आधी आहे तशी गळ्यावर चढवा, मग काय ते करा, असं तू मुलींना आयुष्यभर सांगत आलीस. तुला हे प्रकरण खटकणारच. पण दोन मिनिटांत उरकण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी 'ला बोहेम'ची गोष्ट. इटालियन संगीतकार पुच्चिनीचा हा ऑपेरा १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरिनला पहिल्यांदा झाला. चार अंकांचा. पहिल्या अंकात पॅरिसमधल्या एका माळ्यावर गरीब कवी रोदोल्फो आणि शेजारची शिवणकाम करणारी मिमी भेटतात, तिची मेणबत्ती विझलेली असते. दुसऱ्यात कॅफेतली धमाल, तिसऱ्यात बर्फात उभं राहून केलेली ताटातूट, आणि चौथ्यात त्याच माळ्यावर मिमी क्षयाने मरते. इथल्या प्रयोगात पडदा उघडतो तोच चौथ्या अंकावर. मग तिसरा, दुसरा आणि सर्वात शेवटी पहिला. मध्यंतर नाही. काही भाग गाळलेत, पण अंकाच्या आतले सूर, शब्द, लय पुच्चिनीचीच.

पहिला अंक संपतो तो दोघांच्या गाण्यावर. गात गातच ती दोघं दाराबाहेर पडतात आणि 'प्रेम' हा शब्द पडद्याआडून, लांबून ऐकू येतो. एरवी यानंतर तीन अंक शिल्लक असतात. इथे त्यापुढे काहीच नव्हतं. हात धरून निघालेल्या त्या मुलीचं काय होणार हे आम्ही दीड तासापूर्वी पाहिलं होतं आणि तिला ते ठाऊक नव्हतं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई टाळ्या वाजवायच्या थांबल्या आणि नुसत्या बसून राहिल्या.

आता गायकांच्या बाजूने बघ, म्हणजे तुला पटेल. मिमी गाणारी बाई एरवी तीन अंक गळा तापवून मग मरणाच्या त्या तुटक, क्षीण ओळींपाशी येते. इथे तिला कोऱ्या आवाजाने थेट तिथूनच सुरुवात करायची. आणि रोदोल्फोचं सर्वात अवघड गाणं, ज्यातल्या वरच्या सुराची गायकांना धास्ती असते, ते एरवी आवाज ताजा असताना येतं. इथे ते आलं सगळं गाऊन झाल्यावर. क्रम उलटा केला तर कथेचा अर्थ बदलतो एवढं सगळेच लिहितात. दमसासाचं सगळं गणित नव्याने बसवावं लागतं, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून मुद्दाम तुला सांगतो.

मधल्या मधल्या वेळेत एक वृद्ध वाटसरू रंगमंचावर येऊन मोजके प्रश्न विचारतो. तो होता जॉर्ज शर्ली. या महिन्यात ८८ पूर्ण करतील. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पदार्पण केलेले, आणि तिथे प्रमुख भूमिका गाणारे पहिले कृष्णवर्णीय टेनर, म्हणजे उंच पट्टीचे पुरुष गायक. त्याआधी याच डेट्रॉइटच्या शाळेत ते संगीत शिकवत होते. त्यांचं चालणंसुद्धा लयीत होतं.

हे सगळं बसवणारा दिग्दर्शक युवाल शॅरन. त्याने लॉस एंजेलिसला 'द इंडस्ट्री' नावाची मंडळी उभी केली. २०१३ साली तिथल्या युनियन स्टेशनात त्यांनी ऑपेरा केला: प्रेक्षक कानाला बिनतारी हेडफोन लावून स्टेशनभर हिंडताहेत, गायक आणि नर्तक प्रवाशांच्या गर्दीत मिसळलेले, आणि ऑर्केस्ट्रा दुसऱ्याच दालनात. म्हणजे गायकासमोर हाताने लय दाखवणारा कंडक्टर नाही, शेजारी वाद्य नाही, बाजूने बॅगा ओढत माणसं चाललेली, आणि सूर मात्र जागचा हलता कामा नये. २०१५ मध्ये तर सहा संगीतकार आणि सहा लेखकांनी मिळून रचलेला ऑपेरा त्यांनी चोवीस मोटारींमध्ये केला. प्रेक्षक गाडीत, गायकही गाडीत, आणि शहर फिरता फिरता गोष्ट पुढे सरकते. हे दोन्ही मी पाहिलेले नाहीत, पण डेट्रॉइटला शॅरन येणार असं कळलं तेव्हा याच कारणाने माझे कान टवकारले.

तुला माझं काम ठाऊक आहे. चालत्या गाडीत जो आवाज आणि जी थरथर येते ती मोजायची आणि आटोक्यात आणायची. त्यामुळे ऑपेराला गेलो की माझं लक्ष आधी तिथेच जातं. इथल्या ऑपेरा हाउसमध्ये २७०० खुर्च्या आहेत. खाली अख्खा ऑर्केस्ट्रा, आणि गायकापुढे माइक नाही. तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो. ताकदीने कुणी एवढ्या वाद्यांना हरवू शकत नाही. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास सर्वाधिक असतो आणि त्याच्या वर जाऊ तसा ओसरतो. तयार गायक घशाची पोकळी अशी घडवतो की ३००० हर्ट्झच्या जवळपास त्याच्या आवाजात एक उंचवटा उभा राहतो. तिथे वाद्यं कमी पडलेली असतात, आणि माणसाचा कान नेमका तिथेच तीक्ष्ण असतो. पुरुषांच्या आवाजात हे जास्त स्पष्ट दिसतं. उंच पट्टीत गाणाऱ्या स्त्रियांचं गणित थोडं निराळं आहे. हा उंचवटा वर्षानुवर्षांच्या रियाजातून येतो. तो नसेल तर स्टेशन, मोटारी, उलटा क्रम, सगळी नुसती हौस ठरेल.

आता २०२०चा ऑक्टोबर. नाट्यगृहं बंद, आपण सगळे घरात कोंडलेले, तुझा क्लास फोनच्या पडद्यावर. तेव्हा शॅरनने इथला पहिला प्रयोग केला तो ऑपेरा हाउसच्या मालकीच्या बहुमजली पार्किंगमध्ये. जर्मन संगीतकार वाग्नरच्या चार ऑपेरांच्या मालिकेतला शेवटचा, 'देवांचा अस्त', एरवी चार तासांवर चालतो. तो त्याने इंग्रजीत, जेमतेम तासाभराचा केला. प्रेक्षक आपापल्या गाडीत. एकेक मजला चढायचा, थांबायचं, गाडीचा एफएम रेडिओ लावायचा, आणि हेडलाइटच्या उजेडात समोर गायक. इथल्या कवयित्री मार्शा म्युझिक यांनी लिहिलेलं निवेदन प्रवेश जोडत होतं. एका प्रवेशात गाणाऱ्या बाईच्या साथीला फक्त एक चेलो, व्हायोलिनच्याच जातीचं पण खर्जातलं वाद्य. अख्ख्या वाग्नरच्या जागी एक चेलो, आणि मला काही कमी वाटलं नाही. सर्वात वर, उघड्या गच्चीवर, नायिका गाणाऱ्या क्रिस्टीन गर्की. मूळ कथेत नायिका घोड्यावर बसून चितेत उडी घेते. इथे घोड्याच्या जागी फोर्डची मस्टँग मोटार होती आणि बाई तिच्यात बसून निघून गेल्या. या गावात, जिथे माझ्यासारख्या हजारोंचं पोट गाड्यांवर चालतं, तिथे गाड्यांच्या काचांमागून हे बघताना घशाशी काहीतरी आलं.

तरी एक गोष्ट मला तिथे सलली. तो आवाज गर्कीबाईंचा होता, पण आला माझ्या गाडीच्या स्पीकरमधून. वाग्नर पेलणारा आवाज पंधरा पावलांवर आणि तो मला डॅशबोर्डातून ऐकू येतोय. त्या दिवसांत दुसरा मार्ग नव्हता हे कळतं. पण माझ्या कानाची भूक तिथे भागली नाही. ती भागली पुढच्या वर्षी, आणि त्याबद्दलच मला तुला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

सप्टेंबर २०२१. डेट्रॉइटच्या मध्यवस्तीत मिशिगन थिएटर नावाचं १९२६ सालचं चित्रपटगृह आहे, चारेक हजार खुर्च्यांचं, राजवाड्यासारखं. १९७६ मध्ये ते बंद पडलं. लगतच्या ऑफिसच्या इमारतीला गाड्या लावायला जागा हवी होती आणि थिएटर पाडलं तर इमारतीलाच धोका, म्हणून ते आतून पोखरून त्यात तीन मजली पार्किंग केलं. आजही गाडी लावून वर बघितलं की नक्षीदार छत दिसतं, कुठे सोनेरी रंग शिल्लक, कुठे गिलावा पडून आतलं लोखंड उघडं. आणि हे थिएटर उभं आहे त्याच जागी हेन्री फोर्डने एका शेडमध्ये आपली पहिली मोटार बनवली होती, १८९६ मध्ये, म्हणजे 'ला बोहेम' रंगमंचावर आला त्याच वर्षी.

त्या छताखाली आइसलंडचा कलावंत राग्नार क्यार्तान्सन याची 'ब्लिस' नावाची कृती झाली. मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न' या ऑपेराच्या शेवटी सरदार आपल्या बायकोपुढे सगळ्यांदेखत गुडघे टेकतो आणि क्षमा मागतो. ती म्हणते, मी तुमच्यापेक्षा मऊ आहे, माझं उत्तर हो आहे. मग सगळे मिळून गातात. तीनेक मिनिटांचा भाग. तेवढाच भाग, पोशाखासकट, ऑर्केस्ट्रासकट, दुपारी बारा ते मध्यरात्री बारा, पुन्हा पुन्हा. म्हणजे दोनशेच्या वर माफ्या. लोक येत होते, जात होते.

मी दुपार कलल्यावर गेलो. पहिल्या काही फेऱ्यांत वाटलं, कळलं, आता निघावं. मग कान शब्दांवरून सुटला आणि श्वासावर गेला. सरदाराच्या ओळीत 'क्षमा' या शब्दाआधी एक छोटीशी जागा आहे. एका फेरीत तो तिथे नीट थांबला. दुसऱ्या फेरीत थांबला तो दमला होता म्हणून, पण त्याच दमण्याने माफी खरी वाटली. एकदा गुडघा टेकताना त्याने मांडीवर हात रोवला आणि बाईंनी ते पाहिलं. त्या फेरीतलं त्यांचं 'हो' इतकं हळू आलं की व्हायोलिनवाल्यांनी आपणहून आवाज खाली घेतला. पुढच्या फेरीत त्यांनी तेच 'हो' जरा कोरडं ठेवलं, जणू आता पुरे झालं. सूर तेच, लय तीच. संध्याकाळ होत गेली तशी आवाजांची चकाकी गेली, पण एकाचाही सूर ढळला नाही. माइकशिवायचा आवाज त्या पडक्या छतावर आपटून वरून पुन्हा अंगावर येत होता.

तिथे मला तुझी फार आठवण झाली. तू ख्याल शिकवताना एकच मुखडा तासभर घ्यायला लावायचीस आणि प्रत्येक वेळी समेवर येताना म्हणायचीस, "पुन्हा, पण आता आलीस कुठून ते दाखव." बालगंधर्वांना वन्स मोअर देऊन देऊन लोक घरी जायला तयार नसत, असं आजोबा सांगायचे. त्या रसिकांना 'ब्लिस' समजावून सांगावी लागली नसती.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हे: पुच्चिनीला, मोझार्टला कुणी दुरुस्त करायला निघालेलं नाही. रचना इतकी पक्की आहे की ती उलटी धरली, गाड्यांच्या गर्दीत नेली, दोनशे वेळा गायली तरी तिच्यातून नवीनच काही निघतं, हे या लोकांना ठाऊक आहे. आणि ते अंगावर घेणारे गायक आधी ती रचना आहे तशी गळ्यावर चढवून आलेले आहेत. सगळीकडे असं नसतं. नुसत्या वेगळ्या जागेच्या जोरावर चाललेले प्रयोगही असतात, तिथे गाणं बारीक होतं आणि वीस मिनिटांत घड्याळाकडे लक्ष जातं. तिथे मी तुझ्याच बाजूचा.

पुढच्या महिन्यात इथे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा लढाऊ नेता मॅल्कम एक्स याच्या आयुष्यावरचा ऑपेरा आहे, अँथनी डेव्हिस यांनी रचलेला, १९८६ मध्ये न्यूयॉर्कला आलेला. मॅल्कम याच मिशिगनमध्ये वाढला, त्यामुळे गावात त्याची वेगळीच चर्चा आहे. त्यात ऑर्केस्ट्रामध्येच जॅझ वाजवणारे बसतात आणि ठरलेल्या जागी आयत्या वेळी सुचेल तसं वाजवतात; गायकाची ओळ मात्र लिहिलेली. लिहिलेलं आणि सुचलेलं असं शेजारी बसलेलं मी अजून ऐकलेलं नाही. तिकीट काढून ठेवलं आहे. हा तुझा प्रांत आहे, तेव्हा त्याआधी मला लिहून कळव, अशा वेळी कान कुठे ठेवायचा: गाणाऱ्याकडे, की वाजवणारा त्याला जागा कशी देतो तिकडे?

बाबांना आणि घरी सगळ्यांना नमस्कार सांग. गुडघ्याचे व्यायाम चालू ठेव.

तुझा भाचा