शॉकअपचे सील बदलले, गळती तशीच : सर्व्हिस कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : पुढच्या शॉकअपच्या ऑइल सीलचे सदोष काम, तेल लागलेल्या ब्रेकसह गाडी ताब्यात देणे आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या चिपळूण शाखेत मी माझ्या हिरो होंडा सीबीझेड मोटारसायकलच्या पुढच्या दोन्ही शॉकअपचे काम करून घेतले. कागदोपत्री ते पूर्ण झाले आहे. तेल मात्र गळतेच आहे. आपल्या ॲपवर केलेली माझी तक्रार ‘निवारण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली आणि त्याच संध्याकाळी पाच तारे मागणारा संदेश आला. म्हणून हे पत्र कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवत आहे. कागद निदान आपोआप बंद होत नाही.

गाडी जुनी आहे हे आपल्या शाखेने मला इतक्या वेळा ऐकवले आहे की ते आधीच मान्य करून टाकतो. सीबीझेड बाजारात आली १९९९ साली. १५६.८ सीसीचे इंजिन, पुढे डिस्क ब्रेक. माझी गाडी त्या पहिल्या बनावटीतली आहे. मी गुहागरला राहतो, नोकरीसाठी रोज मार्गताम्हाण्यावरून चिपळूणला येतो. गाडी रात्री उभी असते ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण सगळ्या दुखण्याचे मूळ याच खाऱ्या हवेत आहे आणि तुमच्या माणसांनी नेमके तेच पाहिले नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर पुढच्या शॉकअपच्या क्रोम केलेल्या पाईपवर तेलाचे कडे दिसू लागले. ब्रेक दाबला की पुढचा भाग भसकन खाली बसायचा. शाखेतल्या सल्लागाराने गाडीकडे लांबूनच पाहून ‘सील गेलेत, टाकून देतो’ असे सांगितले. सील टाकले, बिल दिले. श्रावण संपायच्या आत तेल पुन्हा बॉटमवरून, म्हणजे पाईप ज्यात वरखाली होतो त्या खालच्या नळकांड्यावरून, ओघळत होते. पुन्हा गेलो. पुन्हा सील बदलले आणि पुन्हा पूर्ण पैसे लावले, कारण ‘रबर पार्टला वॉरंटी नसते’. गणपतीत गाडी काढली तेव्हा पुढच्या चाकाच्या रिमवरही तेल उडालेले होते.

यानंतर मी गाडी खेर्डीतल्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी काहीही उघडण्याआधी पाईप चिंधीने स्वच्छ पुसला आणि अंगठ्याचे नख वरून खाली फिरवले. नख तीन-चार ठिकाणी अडकले. मलाही फिरवायला लावले. सील ज्या पट्ट्यात वरखाली होते, तिथेच क्रोम उडून गंजाचे बारीक खड्डे पडलेले आहेत. या तपासणीला यंत्र लागत नाही, लिफ्ट लागत नाही, आपल्या शाखेत लावलेला तो मोठा टीव्हीही लागत नाही.

ऑइल सील म्हणजे पाईपला चिकटून राहणारी रबराची पातळ ओठासारखी कड, आणि ती पाईपवर दाबून धरणारी आतली बारीक स्प्रिंग. पाईप गुळगुळीत असेल तर ही कड तेल आत निपटून ठेवते. पाईपवर खड्डा असेल तर प्रत्येक हेलकाव्याला त्यात थेंबभर तेल अडकून बाहेर येते आणि खड्ड्याची धार तीच कड कुरतडत जाते. नवे सील अशा पाईपवर टिकणार ते किती? कौल फुटलेले असताना खालची बादली बदलत राहावे, तसे आपले हे काम झाले. फरक इतकाच की प्रत्येक बादलीचे पैसे माझ्याकडून घेतले.

खड्डे किरकोळ असते तर बारीक पॉलिश पेपरने त्यांची धार मारून काम भागले असते. तेवढ्याने भागत नसेल तर पाईपला पुन्हा हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा कठीण मुलामा, करून ग्राइंडिंग करावे लागते, किंवा पाईपच बदलावा लागतो. हे तिन्ही पर्याय पहिल्याच दिवशी माझ्यासमोर ठेवता आले असते. खर्च जास्त आहे असे सांगितले असते तरी मी हो म्हटले असते. ‘पाईप खराब आहे, नुसते सील टाकून हमी देत नाही’ एवढे एक वाक्य जॉबकार्डावर असते तर आज मला भांडायला जागाच नव्हती. माझ्या दोन्ही जॉबकार्डांवर पाईपचा उल्लेखही नाही.

आता उघडल्यावर आत काय निघाले ते सांगतो. मेकॅनिकने सगळे माझ्यासमोर खोलले आणि मी फोटो काढत गेलो.

दोन्ही बाजूंचे तेल काचेच्या मापात काढले तर उजव्या बाजूचे डाव्यापेक्षा बरेच जास्त भरले. दोन्हीकडे सारखेच माप असले पाहिजे, हा या कामातला पहिला धडा. तेलाच्या वर जी हवा उरते तीही शॉकअपच्या कामाचा भाग असते. तेल जास्त झाले की हवेला जागा कमी उरते, खड्ड्यात चाक आपटले की आतला दाब वाढतो आणि तो सीलवर येतो. म्हणजे आधीच कुरतडल्या जाणाऱ्या सीलला आतूनही रेटा. बिलावर नुसते ‘फोर्क ऑइल’ लिहिले आहे. कोणत्या ग्रेडचे, प्रत्येक बाजूला किती मिली, काहीच नाही. शाखेत विचारले तर ‘अंदाजाने बरोबर टाकतात’ असे उत्तर मिळाले.

डाव्या बॉटममध्ये सील बसते त्या भिंतीवर स्क्रू ड्रायव्हरचा खोल ओरखडा आहे. जुने सील उचकटताना खाली लाकडाचा किंवा रबराचा तुकडा न धरता घाई केली की असे होते. आता तेल सीलच्या आतून नाही तर बाहेरच्या कडेने झिरपायलाही वाट आहे. अॅल्युमिनियमला पडलेला हा ओरखडा मी आणलेला नाही. पहिल्या कामापूर्वी हे शॉकअप कधीच उघडलेले नव्हते.

तिसरी गोष्ट डस्ट कव्हरची, म्हणजे सीलवर धूळ जाऊ नये म्हणून बसवतात त्या रबरी टोपीची. दोन्ही बिलांत नवी डस्ट कव्हर लावलेली आहेत. प्रत्यक्षात उजव्या बाजूला जुनेच, उन्हाने तडकलेले कव्हर निघाले. रक्कम लहान आहे, पण याला चूक म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आणि आता सगळ्यात गंभीर बाब. ज्या बाजूला डिस्क आहे, त्या बाजूचे तेल बॉटमवरून ओघळत थेट कॅलिपरपर्यंत, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत, आले होते. ब्रेक पॅड तेलाने काळे पडले होते. दुसऱ्या वेळी गाडी सोडताना मी ‘ब्रेक नीट लागत नाही’ असे सांगितले होते आणि ते जॉबकार्डावर आहे. त्यावर आपल्या माणसाने डिस्कवरून कापड फिरवले आणि गाडी माझ्या हातात दिली. डिस्क साफ करता येते. तेल प्यायलेले पॅड मात्र बदलावेच लागतात, कारण ते पुसून कोरडे दिसले तरी तापले की आतले तेल पुन्हा वर येते. चिपळूण-गुहागर रस्त्यावरची वळणे आणि उतार आपल्या शाखेतल्या प्रत्येकाला माहीत आहेत. पावसात त्या उतारावर पुढचा ब्रेक अर्धाच लागतो हे मला समोर एसटी असताना कळले. काही झाले नाही. झाले असते तर हे पत्र वेगळ्या माणसाने वेगळ्या भाषेत लिहिले असते.

‘जुन्या गाडीला असे होणारच’ हे उत्तर मला पुन्हा देऊ नये. गाडी जुनी होती, पण गळलेले सील तुमचे होते, नवे होते आणि बसवून काही आठवडेच झाले होते. जुन्या गाड्या घ्यायच्या नसतील तर दारावर तशी पाटी लावा. उलट आपल्या जाहिरातीत ‘सर्व कंपन्यांच्या, सर्व मॉडेलच्या गाड्या’ असे ठळक छापले आहे. रबराला वॉरंटी नसते हे सीलपुरते धरले तरी मजुरी, तेलाचे माप आणि बॉटमवरचा ओरखडा यांत रबर कुठे आले?

माझ्या मागण्या अशा. दोन्ही बिलांची मिळून रुपये ३,२४० ही रक्कम परत मिळावी. नवे ब्रेक पॅड आणि डाव्या बॉटमच्या दुरुस्तीचा खर्च, तो न सुधारल्यास बॉटमची किंमत, कंपनीने द्यावी. पाईपच्या हार्ड क्रोमचा खर्च मी मागत नाही. तो गंज माझ्या गुहागरच्या हवेचा आहे आणि तो खर्च मीच करणार आहे. पाईप कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवायचे ठरले आहे. शिवाय कोणते तेल आणि किती घातले, याचे लेखी उत्तर हवे, ‘अंदाजाने’ हा शब्द वगळून. आपल्या शाखेत काढलेले जुने सील मला दाखवलेसुद्धा नाहीत. ते असतील तर परत करावेत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. आपल्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘वाद फक्त पुणे न्यायक्षेत्रात’ असे छापले आहे. ते वाचले आहे. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, ही सोय याच कायद्याने दिलेली आहे, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी नोंद केलेलीच आहे.

दोन्ही बिलांच्या व जॉबकार्डांच्या प्रती आणि उघडलेल्या शॉकअपचे फोटो सोबत जोडले आहेत. खेर्डीत काढलेले सील, तेल आणि ब्रेक पॅड मी वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करून ठेवले आहेत. आपला कोणी तांत्रिक माणूस पाहायला येणार असेल तर आधी कळवून यावे, पाईप कोल्हापूरला जाण्याआधी आला तर बरे. माझे नाव, पत्ता आणि गाडीचा क्रमांक जॉबकार्डावर आहेच.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)
गुहागर, जि. रत्नागिरी