दम धरायला दोन तासांची जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात दरवर्षी समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या प्राइड मोर्चाच्या निमित्ताने सप्तरंगी झेंड्यांचे फोटो येतात. ते बघून गावाकडच्या कितीतरी मुलामुलींना धीर येतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्याबद्दल मनापासून आभार. आज मात्र मोर्चा संपल्यावरच्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे.

मी मूळची तासगाव तालुक्यातली. शाळेपासून कबड्डी खेळले, चढाई माझी. घरात स्थळं बघायला लागल्यावर २००६ साली एका पिशवीत कपडे भरून मुंबईला आले. बाईमाणसावर प्रेम करते हे तेव्हा घरी सांगण्यासारखं नव्हतं, आजही अर्ध्या घराला सांगितलेलं नाही. दिवसा एका पॅथॉलॉजी लॅबसाठी दारोदार फिरून रक्ताचे नमुने गोळा करते. उरलेल्या वेळात, गेली चौदा वर्षं, घर सोडून या शहरात आलेल्या समलिंगी आणि ट्रान्स मुलामुलींच्या मदतीला जाते. मुंबईत हे काम जुनं आहे. हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून आहे, आणि आजची लेबिया ही समलिंगी बायका आणि ट्रान्स व्यक्तींची संघटना १९९५ मध्ये स्त्री संगम या नावाने सुरू झाली. आम्ही त्यांच्या मागून आलेलो, बिनपगारी.

दोन वर्षांपूर्वीची रात्र. मराठवाड्यातून आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीचे घरचे लोक तिला न्यायला आले होते, बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन. एका पोलीस ठाण्यातल्या बाकावर मी तिच्याशेजारी रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत बसून होते. मुलगी सज्ञान, कायदा आमच्या बाजूचा. सुप्रीम कोर्टाने ११ मार्च २०२४ ला देवू नायर प्रकरणात, घर सोडलेल्या अशा माणसांना हजर करा किंवा संरक्षण द्या म्हणून येणाऱ्या अर्जांबाबत, न्यायालयांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांची प्रत माझ्या पर्समध्ये होती. तिचा मामा समोर उभा राहून सहा तास माझ्याकडे बघत होता. शेवटी तिने स्वतः जबाब दिला आणि आम्ही सुटलो. बाहेर टपरीवर वडापाव घेतला, तर माझं तोंडच उघडेना. दोन बोटं शिरतील एवढाच जबडा उघडत होता. पुढे दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत दात खाता तुम्ही, दाढा झिजल्यात. किती वर्षं खात असेन कुणास ठाऊक.

नंतर सोबतच्या कार्यकर्त्यांना विचारत गेले. प्रत्येकाचं काही ना काही निघालं. एकाला फोन वाजला की पोटात कळ येते. एकीचा उजवा खांदा कानाला टेकल्यासारखा वर गेलेला. एक जण भर उन्हाळ्यात गारठतो. सभांमध्ये आम्ही कायद्यावर बोलतो, हेल्पलाइनवर बोलतो, पैशांवर भांडतो. शरीराचा विषय निघाला की सगळ्यांना वाटतं, हे काय रडगाणं. देणगी देणाऱ्या संस्थाही किती जणांना भेटलात, किती शिबिरं घेतलीत, याचा हिशेब मागतात. आमच्यातले तिघे चौघे चांगले कार्यकर्ते गेल्या काही वर्षांत काम सोडून गेले. विचार बदलला म्हणून कुणी गेलं नाही. अंगात त्राण उरलं नाही म्हणून गेले.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही चौदा जण जमतो. कुणी परभणीचा, कुणी सिवानचा, एक कारवारची. पहिल्या रविवारी मी प्राणायाम घ्यायचं ठरवलं होतं. डोळे मिटा म्हटल्याबरोबर सिवानचा मुलगा उठून दारात जाऊन उभा राहिला. त्याच्या घरच्यांनी त्याला 'बरा' करायला एका बाबाकडे ठेवलं होतं, आणि तिथे पहाटे हेच करून घेत. असे 'उपचार' करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. बाबाला कोण विचारणार? आमच्याकडे मात्र त्या दिवसापासून डोळे उघडेच राहतात.

मग मला जे येतं ते घेतलं. कबड्डीचा दम. एकाने गोलात मध्ये यायचं, छाती भरून घ्यायची आणि एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत फिरायचं, आवाज हळू, कारण शेजारी झोपलेले असतात. पकडायला कुणी येत नाही. दम तुटला की थांबायचं, पाणी प्यायचं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. सावकाश लांबवलेला उच्छ्वास, त्यात तोंडाने म्हणायला शब्द, याने भेदरलेलं अंग हळूहळू खाली येतं. हे मी खेळायच्या वयात नुसतं अनुभवलं होतं, त्याचं कारण आता कळलं.

परभणीचा मुलगा ट्रान्स आहे, म्हणजे जन्मतः त्याची नोंद मुलगी म्हणून झालेली. त्याचा दम चार वेळा कबड्डी म्हणेपर्यंत तुटायचा, आणि तो हसून बाजूला व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला आत बोलावून शर्ट वर केला. छातीला क्रेप बँडेज करकचून गुंडाळलेलं, सकाळी सातपासून. कडेला कातडी सोललेली, बरगडीवर जांभळी रेघ. असं बँडेज हालचालीबरोबर आणखी आवळत जातं, त्याने श्वास कोंडतो आणि बरगड्यांना इजा होऊ शकते. आम्ही वर्गणी काढून मापाचा बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसण्यासाठीचा तंग बनियन, आणला. सात-आठ तासांच्या वर घालायचा नाही, झोपताना आणि व्यायामाला काढायचा, असं ठरलं. गेल्या रविवारी त्याने एका दमात तेवीस म्हटले. आम्ही मोजत होतो, तो थांबला तेव्हा कुणाच्या तोंडून शब्द निघेना.

शेवटी फुगडी. हात पुढे करण्याआधी विचारायचं, हात देऊ का? नाही म्हटलं तर नाही, का ते विचारायचं नाही. आमच्यातल्या पुष्कळ मुलांना लहानपणी मंगळागौरीला खिडकीतून बघावं लागलं होतं, पोरीसारखा नाचतोस म्हणून मार बसला होता. ते आता मागे झुकून, समोरच्याच्या हातांवर सगळा भार टाकून गरागरा फिरतात. मी पकड सैल केली तर तो पडेल आणि मीही, हे तळव्यांना कळतं. ज्यांना घरच्यांनीच हात धरून बाहेर काढलं, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

याने सगळं बरं होतं असा माझा दावा नाही. ज्याला डॉक्टर हवा त्याला आम्ही डॉक्टरकडेच नेतो, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लावला आहे. मानसिक उपचारांत लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, तेही सगळ्यांना पाठ आहे.

अडचण जागेची आहे. मध्ये बागेत जमून पाहिलं, तिथे लोक मोबाइल काढून शूटिंग करू लागले. मग एका मंडळाने हॉल दिला, आणि आम्ही कोण ते कळल्यावर तिसऱ्या आठवड्यात कुलूप बदललं. आता पुन्हा एकीच्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंग उभा करून जमतो. दहा बाय बारात फुगडी घालायची म्हणजे एका वेळी एकच जोडी, बाकीचे बारा भिंतीला चिकटून.

माझ्या आईचे मामा गिरणीत होते. लालबागला आमच्या गावच्या लोकांचा गाळा होता, पाळीपाळीने झोपायचे. घरदार सोडून आलेल्या त्या माणसांना या शहराने तालमी दिल्या, भजनी मंडळं दिली, कबड्डीची मैदानं दिली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, घरात चूल पेटण्याची पंचाईत झाली, तरी मामाआजोबा पहाटे तालमीत जोर काढायला जात. तिथे माझी माणसं भेटतात, म्हणायचे. आम्हीही असेच गाव सोडून आलेलो आहोत.

महापालिकेच्या शाळा रविवारी बंद असतात. भांडुप ते घाटकोपर पट्ट्यात कुठल्याही शाळेचा हॉल, समाजमंदिर किंवा व्यायामशाळा रविवारी संध्याकाळी पाच ते सात आम्हाला मिळावी. सतरंज्या आमच्या, झाडलोट आम्ही करू, नियमाप्रमाणे भाडं भरू. आपल्या वाचकांपैकी कुणी मंडळाचं किंवा शाळेचं काम बघत असेल, तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा आणि किल्ली कुणाकडून घ्यायची तेवढं कळवावं.

आपली,
एक वाचक, भांडुप
(नाव व पत्ता छापू नये, ही विनंती.)